आमेन होईपर्यंत

पाळकीणबाईंनी डोळे मिटून "हे दयाळू पित्या" एवढं म्हटलं, आणि नेमकं तेव्हाच आजीच्या टॅबलेटवर उजव्या अंगाला, वेटिंगच्या रकान्यात, एक नाव उमटलं. आजीला नाव वाचायला वेळ लागतो. चौथीत असताना पाठची भावंडं सांभाळायला तिला शाळेतून घरी बसवली, तेव्हापासून अक्षरं तिच्या लेखी गल्लीतल्या माणसांसारखी; समोर येऊन थांबली तर ओळखते, घाईत चालली असली तर कोण गेलं ते कळत नाही. म्हणून तर गटातल्या नऊही घरांनी दारापुरती आपापली नावं आखूड करून घेतली होती. 'जुळे', 'दातवाले', 'शिंपीण', 'पाळक'. दर गुरुवारी सकाळी दहाला ही नऊ नावं एकामागून एक यायची, आजी निळ्या बटणावर बोट टेकवायची आणि टिंग करून एकेक घर आत यायचं. आज नऊच्या नऊ आत आली होती. हे दहावं होतं. आजीने चष्मा नाकावर खाली ओढला, मान मागे घेतली आणि एकेक अक्षर हाताला धरून ओळीत उभं केलं. भिं. ग. री.

आपण चुकीचं वाचलं असं तिला आधी वाटलं, कारण आपण चुकीचं वाचतो हे तिला माहीत होतं. पण पुन्हा वाचलं तरी तेच. जगात या नावाचं एकच माणूस होतं आणि ते नाव आजीने ठेवलेलं होतं. दीड वर्षाची असताना पोर खोलीच्या मधोमध उभी राहायची, दोन्ही हात पसरून गरगर फिरायची आणि धपकन पडून स्वतःच हसायची. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर नाव वेगळं, शाळेच्या दाखल्यावर तेच वेगळं, घरात मात्र भिंगरी. दहा वर्षांत आजीच्या तोंडून ते नाव निघालं नव्हतं. कुणी बोलता बोलता काढलंच, तर आजी उठून नळ सोडायची आणि नसलेली भांडी घासायला घ्यायची. आणि आता ते नाव पांढऱ्यावर काळं, शेजारी दोन बटणं घेऊन उभं होतं. निळं म्हणजे आत घ्या. राखाडी म्हणजे काढून टाका. "अनोळखी नाव दिसलं ना आई, की विचार करायचा नाही, सरळ राखाडी दाबायचं," असं सुनेने शिकवलं होतं, कारण सुरुवातीच्या दिवसांत कुणी टवाळ लोक वर्गात घुसून मुलांसमोर अचकटविचकट ओरडून गेले होते. अनोळखी नाव. आजीला हसूही आलं नाही.

प्रार्थना चालू असताना दार उघडायचं नाही, हा नियम होता, आणि तो आजीचाच होता. हा सगळा खटाटोप नऊ वर्षांपूर्वी सुनेने सुरू केला. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी, एकाच मंडळीतली काही कुटुंबं. आठवड्यातले चार दिवस ज्याचं त्याने शिकवायचं आणि गुरुवारी सगळ्यांनी चर्चच्या मागच्या सभागृहात एकत्र यायचं. एकाने विज्ञान घ्यायचं, एकाने गाणी, एकाने शास्त्रपाठ. सून पहिल्यांदा हे बोलली तेव्हा आजीने पोळपाटावरून हात न काढता विचारलं होतं, "मला शाळेत ठेवलं नाही म्हणून मी जन्मभर बापाच्या नावाने बोटं मोडली. आणि तू हौसेने ठेवणार नाहीस?" सून गालातल्या गालात हसून म्हणाली, "तुम्हाला घरी बसवलं आई, शिकवलं कुणी नाही. मी शिकवणार आहे." पोरीच्या तोंडाला धार होती, हे आजीला आवडलं होतं, पण बोलून दाखवणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने दुसऱ्या गुरुवारी सभागृहात जाऊन दाराशी खुर्ची टाकली. प्रत्येक घराने काहीतरी काम उचलायचं असा ठराव होता. आजीला शिकवता येण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिने दार घेतलं. कुणाचं नाक वाहतंय, कुणाच्या बुटाला चिखल आहे, कुणी घरातून भांडून आलंय, सगळं दारातच निवडून घ्यायची. "काय गं, आज तुझ्या आईने केस विंचरले की वाऱ्याने?" मुलं तिला घाबरायची आणि तिच्यापाशीच घुटमळायची. प्रार्थना सुरू झाली की ती दाराला आतून कडी घालायची. उशिरा येणाऱ्याने बाहेर थांबायचं. "देवाशी बोलणं चालू असताना मधेच घुसायला हे काय बाजाराचं आवार आहे?" असं ती म्हणायची आणि मोठमोठी शिकलेली माणसं बाहेर व्हरांड्यात गुपचूप उभी राहायची. डॉक्टर माणूस, दात काढताना भल्याभल्यांना रडवणारा, तोही एकदा आमेन होईपर्यंत हातात डबा घेऊन उभा राहिला होता. मग सभागृहाच्या छताचा एक पोपडा मोठाच्या मोठा खाली आला, वर्ग दोन महिन्यांसाठी ऑनलाइन झाले, तेवढ्यात लांब बदलून गेलेली तीन घरं या निमित्ताने पुन्हा सामील झाली, आणि दोन महिन्यांची दोन वर्षं झाली. सगळ्यांना वाटलं, आता आजीला काय काम? पण दार इथेही होतं. सुनेने टॅबलेट आणून शिवणयंत्रावर उभा करून दिला तेव्हा आजीने विचारलं ते एवढंच, "कडी कुठे आहे याची?"

"आम्ही तुझे उपकार मानतो, प्रभू, या सुंदर सकाळीसाठी," पाळकीणबाई म्हणत होत्या. त्यांची प्रार्थना म्हणजे प्रत्येक थांब्यावर थांबणारी बस. आधी सकाळ, मग राज्यकर्ते, मग प्रवासात असलेले, मग आजारी, मग एकेक घर, मग शिकवणारे, आणि अगदी शेवटी, वर्ग ऑनलाइन झाल्यापासून, इंटरनेट. इंटरनेट आलं की समजायचं, आमेन जवळ आलं. अजून राज्यकर्तेही आले नव्हते. आजी नऊ चौकटी बघत होती. जुळ्यांपैकी एक डोळे मिटून नाकात बोट घालत होता, दुसरा त्याला चिमटा काढत होता. दातवाल्यांकडे कपाट तेवढं दिसत होतं. शिंपीणबाई, लांबच्या गावी गेलेल्यांपैकी एक, मान खाली घालून बसली होती, पण तिचे खांदे इतके सैल होते की ती बहुतेक झोपली असावी. आणि आतल्या खोलीत सून, दोन भिंतींपलीकडे. तिने हलकेच "आमेन, प्रभू" म्हटलं की ते आधी भिंतीतून ऐकू यायचं आणि मग, एक श्वास मागे राहून, टॅबलेटमधून. ही लिंक कुणी दिली, हे कळायला आजीला शाळेत जावं लागलं नसतं. दर आठवड्याला लिंक बदलते आणि ती एकटी सूनच पाठवते.

दोन महिन्यांपूर्वी मोठ्या माणसांची मीटिंग झाली होती, त्यात सुनेने विषय काढला होता. नाव न घेता. एक घर आहे, ती म्हणाली. मुलगी साडेसात वर्षांची. शाळेत बोलायचीच बंद झाली, वर्षभर एक शब्द नाही, मग शाळेने मंद आहे म्हणून शेवटच्या बाकावर बसवली. आईने काढून घेतली, आता घरीच शिकवते. घरी बोलते पोर, छान बोलते. पण एकटीच आहे. गुरुवारी वर्गात इतर मुलांबरोबर बसली तर बरं होईल. यादीवाली, म्हणजे जी हजेरी आणि नियमांचं पुस्तक सांभाळते ती, तिने विचारलं, "विश्वासाच्या पत्रकावर दोघांच्या सह्या आहेत?" सून म्हणाली, "आईची आहे. वडील विश्वासात नाहीत, पण त्यांची हरकतही नाही." नऊ चौकटींमध्ये जरा चुळबुळ झाली. पाळक काहीतरी मऊ बोलणार होते, त्यांच्या चेहऱ्यावर ते येऊ लागलंच होतं, आणि आजीने आपला माईक चालू केला. एरवी ती मीटिंगमध्ये बोलायची नाही. "अर्ध्या सहीवर आपण आजवर कुणाला घेतलं नाही," ती म्हणाली. "आज एकाला घेतलं तर उद्या कशाच्या तोंडाने नाही म्हणणार? ज्याला आपलं पोर इथं हवंय त्याने आधी आपलं घर नीट बघावं." इतकं खणखणीत बोलली की पाळकांच्या चेहऱ्यावरचं ते मऊ विरून गेलं. यादीवालीने लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं: यापुढे दोन्ही पालकांच्या सह्या असल्याशिवाय कोणतंही घर घेतलं जाणार नाही. तोवर तो रिवाज होता, त्या दिवशी नियम झाला. मीटिंग संपल्यावर सून बाहेर आली, आजीसमोर चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "तुम्हाला कळलं होतं ना, कोणाबद्दल बोलतेय ते?"

"नाव घेतलं नाहीस तू."

"नाव घेतलं असतं तर?"

"तर आणखी मोठ्याने बोलले असते," आजी म्हणाली, आणि चहा प्यायली, आणि चहात साखर होती की नाही हे तिला आजपर्यंत आठवत नाही.

साधी गोष्ट होती तशी. लेकीने पसंत केलेला लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. भिंगरी तेव्हा एका मोठ्या इमारतीतल्या कार्यालयात टेलिफोनवर बसायची. एके दिवशी पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे लिफ्ट अडकली आणि ती पाऊण तास एकटी आत. हा वरून फटीतून बोलत राहिला. काय बोलला ते तिने कधी सांगितलं नाही, एवढंच म्हणाली, "आई, तो म्हणाला नाही की घाबरू नका. तो म्हणाला, घाबरा, पण भिंतीला टेकून बसा, पाय दुखणार नाहीत." आजीला आजही वाटतं, पोर त्या एका वाक्याला भुलली. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, उनाडकी नाही. पण देवाचं विचारलं की खांदे उडवायचा. आहे म्हणणाऱ्यांशी भांडण नाही, नाही म्हणणाऱ्यांशीही नाही, मला आपलं माझं काम आहे, म्हणायचा. आजीला वाटलं होतं, सरळ दुसऱ्या धर्माचा असता तरी भांडायला काही हातात आलं असतं. "लिफ्टमधून बाहेर काढली म्हणून घरातूनच काढून न्यायची?" ती सगळ्यांना ऐकवायची आणि लोक हसायचे, आणि लोक हसले की आजीला आपलं बरोबर आहे असं वाटायचं. नोंदणी कचेरीतल्या लग्नाला ती गेली नाही. मुलगा, म्हणजे भिंगरीचा थोरला भाऊ, एकटा गेला, येताना हार हातातच घेऊन आला, आणि आजीने तो हार कुठे टाकला ते कुणाला सापडलं नाही.

"तुझ्या सेवकांना ज्ञान दे, राज्यकर्त्यांना न्यायबुद्धी दे." नाव अजून तिथेच होतं. टिकायची सवय लागली म्हणायची पोरीला. आजीने मनाशी म्हटलं, आमेन झालं की बघू. आमेन झाल्यावर घेता येईल, नाहीतर नाही. मधे उघडलं तर टिंग वाजेल, नऊ घरांच्या डोळ्यांवर वीज पडल्यासारखं होईल, यादीवाली विचारेल. काय सांगायचं? जिने कडी घातली तिनेच, भर प्रार्थनेत, स्वतःच्या तोंडाने केलेला नियम मोडून, स्वतःच्या पोटच्या पोरीसाठी. मग दुसऱ्यांच्या पोरींचं काय? लोक तोंडावर काही म्हणणार नाहीत. तोंडावर म्हणत नाहीत तेच वाईट. पुढच्या गुरुवारी कुणीतरी गोड आवाजात सांगेल, आजी, तुम्ही आता थोडी विश्रांती घ्या, दार आम्ही बघतो. या टॅबलेटखेरीज आजीपाशी दुसरं काय होतं? शिवणयंत्राचा पट्टा तुटून वर्ष झालं होतं.

आमेन झालं की बघू, असं ती दुसऱ्यांदा म्हणाली, आणि या शब्दांची चव तिला ओळखीची लागली. जिभेच्या मुळाशी, पितळेसारखी.

तो गुरुवार सात वर्षांपूर्वीचा. सभागृहाला लागून मोकळं अंगण होतं आणि दाराशेजारी खिडकी. दहाला चार मिनिटं कमी होती. हे आजीला पक्कं माहीत आहे, कारण घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं आणि तिने त्याच्याकडे बघितलं होतं. मुलं अजून खुर्च्या ओढत होती, दोन घरं यायची होती. खिडकीतून तिला फाटकापाशी भिंगरी दिसली. तीन वर्षांनी. अंगावर निळा स्वेटर, एका हाताने छातीशी धरलेलं गुंडाळलेलं मूल. ती अंगण ओलांडताना थांबली, मुलाच्या तोंडावरचं फडकं सारखं केलं, स्वतःचे केस कानामागे घेतले, आणि पुन्हा चालू लागली. ते केस सारखे करणं बघून आजी घाबरली. आपण आता रडणार, सगळ्यांदेखत रडणार, दारातच हिला मिठी मारणार, आणि तीन वर्षांत जे जे बोललो ते सगळं लोकांच्या पायाशी सांडणार, असं तिला वाटलं. तिने कडी घातली. आणि दाराला पाठ लावून, हात वर करून, मोठ्याने म्हणाली, "चला, डोळे मिटा, प्रार्थना करू या." "आजी, अजून वेळ आहे," कुणीतरी म्हणालं. "देवाला घड्याळ नाही," आजी म्हणाली, आणि सुरू झाली.

दारावर टकटक झाली ती तिला पाठीच्या मणक्यात कळली. दोनदा. मग थांबून एकदा. दार पातळ होतं, बाहेर सगळं ऐकू जायचं. आजीने सकाळीसाठी उपकार मानले. मुलांसाठी, त्यांच्या आईबापांसाठी. मग शिकवणाऱ्यांसाठी. सांगण्यासारखं सगळं संपलं तरी दारामागची चाहूल संपेना, मूल कुरकुरत होतं, आणि ती हलक्या आवाजात त्याला काहीतरी म्हणत होती, जे आजी कधीकाळी तिला म्हणायची तेच. मग आजीने सभागृहातल्या खुर्च्यांसाठी प्रार्थना केली. पंख्यांसाठी केली. पाणी आणून देणाऱ्यासाठी, रस्ते झाडणाऱ्यांसाठी, समुद्रावरच्या खलाशांसाठी, तुरुंगातल्या कैद्यांसाठी. घरापासून दुरावलेल्यांसाठी केली. खरोखर केली, त्याच तोंडाने, त्याच दाराला पाठ लावून. मूल रडायला लागलं. एका मुलाने डोळे उघडून विचारलं, "आजी, बाहेर बाळ आहे?" आणि तिने आवाज आणखी वर चढवला. केव्हातरी रडणं लांब गेलं, अंगणाच्या पलीकडे, फाटकाच्या पलीकडे. तेव्हा ती आमेन म्हणाली. दार उघडलं तर उशिरा आलेली दोन घरं व्हरांड्यात उभी होती. "कुणीतरी बाई होती," त्यातली एक म्हणाली, "खूप वेळ थांबली होती बिचारी." आणि आत सगळ्याजणी डोळे पुसत होत्या. पाळकीणबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "आजी, काय प्रार्थना केलीत आज! अंगावर काटा आला." त्यानंतर आजीने कधी पुढे होऊन प्रार्थना केली नाही. घसा बसतो म्हणाली. लोकांना तो नम्रपणा वाटला. पाळकांनी एकदा प्रवचनात उदाहरणही दिलं, आणि आजी दुसऱ्या रांगेत बसून ते ऐकत होती.

"जे प्रवासात आहेत त्यांना सांभाळ, हे प्रभू." आजीने रकान्याकडे बघितलं आणि रकाना रिकामा होता.

नाव गेलं होतं. दोन्ही बटणंही गेली होती. आधी तिचे खांदे उतरले, एवढा वेळ ते कानांपर्यंत वर चढले होते हे तिला तेव्हा कळलं. सुटले. काही करावं लागलं नाही. आपण होऊन गेली. कुणी विचारणार नाही, यादीवालीला कळणार नाही, सून विचारेल तर सांगता येईल की दिसलंच नाही, मला कुठे धड वाचता येतं. दोन श्वास इतकं बरं वाटलं तिला. तिसऱ्या श्वासाला खोली फार मोठी झाली. टॅबलेटच्या काचेवर बोटांचे ठसे होते, तेलकट, एकावर एक. निळ्या बटणाच्या जागी दोन वर्षांच्या गुरुवारांचे, आणि शेजारी, राखाडीच्या जागी, काच लख्ख. तिला वाटलं, आता ही पोर तिसऱ्यांदा येणार नाही. माणूस दोनदा येतं. एकदा स्वतःच्या पायाने, एकदा पोरीचं बोट धरून. त्यानंतर कशाला येईल? आपण मेल्यावर येईल, भावाच्या शेजारी उभी राहील, लोक तिला सांगतील तुझी आई काय माणूस होती, आणि ती मान हलवेल. आजीने रिकाम्या रकान्यावर बोट दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, दोन बोटांनी, मग तळहाताने काच पुसली, जणू नाव खाली कुठेतरी अडकलं असेल. "ये गं," ती म्हणाली. आवाज बंद होता म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही. "ये की. कुठे गेलीस?"

नाव आलं. त्याच जागी, तसंच. नेट गेलं असेल, का तिकडेही कुणाचा हात बटणावर घुटमळत होता, देव जाणे. या खेपेला आजीने ते वाचलं नाही. निळ्यावर बोट इतक्या जोरात दाबलं की टॅबलेट मागे कलंडला आणि तिने तो दुसऱ्या हाताने धरला.

टिंग.

"आणि हे प्रभू, जे आजारी..." पाळकीणबाई थांबल्या. दोन वर्षांत प्रार्थनेत तो आवाज कुणी ऐकला नव्हता. एकेक डोळा उघडला. शिंपीणबाई दचकून जागी झाली. दहावी चौकट आधी काळी होती, मग तिच्यात छत दिसलं, मग एक हनुवटी, आणि मग एक मुलगी. पुढचे दोन दात पडलेले, स्वेटरची दोरी तोंडात. ती कुणाकडेच बघत नव्हती.

"आजी?" यादीवाली म्हणाली. "हे कोण? चुकून दाबलं गेलं का?"

चांगली बाई होती ती. वाट काढून देत होती. नुसतं हो म्हणायचं होतं. आजीने माईक चालू केला.

"चुकून नाही. मी दाबलं."

"पण प्रार्थनेत... आणि हे घर आपल्या यादीत..."

"माझ्या लेकीची लेक आहे."

जुळे एकमेकांकडे बघून फिसकन हसले आणि त्यांच्या आईने दोघांच्या डोक्यावर एकेक टपली मारली.

"आजी, मला वाईटपणा घ्यायचा नाही," यादीवाली हळू म्हणाली, "पण दोन सह्यांचं तुम्हीच बोलला होतात. मी लिहून घेतलंय."

"बोलले होते. चुकीचं बोलले. आता हेही लिहून घे, आणि कोण चुकलं तेही लिही, मोठ्या अक्षरात, म्हणजे मला वाचता येईल." आजीचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, हात मात्र तिने मांडीखाली घेतले होते. "दार दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल तर आज वर्ग झाल्यावर द्या. तोपर्यंत माझ्याकडे आहे."

पाळक कुठूनतरी पाळकीणबाईंच्या चौकटीत डोकावले, काही म्हणणार होते, बायकोने त्यांचा हात दाबला. तेवढ्यात दहाव्या चौकटीत बाजूने एक हात आला. त्याने कॅमेरा सारखा केला, मुलगी बरोबर मधोमध येईल अशी, आणि तो हात परत बाहेर गेला. आजीने तो हात बघितला. नखं कापलेली, आखूड. बोटाला निळ्या शाईचा डाग. मोठ्या बाईचा हात झाला होता तो.

"ही एकटीच बसणार का?" आजीने विचारलं.

चौकटीबाहेरून आवाज आला. "मी आहे बाजूला."

तो आवाज जरा जाड झाला होता. आजी म्हणाली, "बाजूला चालत नाही. इथे मुलाशेजारी घरातलं मोठं माणूस बसलेलं दिसावं लागतं. नियम आहे."

असा नियम नव्हता. दातवाल्यांच्या पोरीशेजारी या क्षणी मांजर बसलं होतं. यादीवालीने पुस्तक उघडलं, तोंडही उघडलं.

"हो, आहे नियम," सून म्हणाली. आधी भिंतीतून, मग टॅबलेटमधून.

यादीवालीने एकदा सुनेच्या चौकटीकडे बघितलं, एकदा आजीच्या, आणि पुस्तक मिटलं. तिकडे मुलीने तोंडातली दोरी काढली आणि बाजूला वर बघितलं. मग फरशीवरून खुर्ची ओढल्याचा कर्कश, लांबलचक आवाज झाला, आणि भिंगरी येऊन बसली. केस कापले होते. कानाजवळ एक पट्टा पांढरा झाला होता, या वयात. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, मुलीच्या स्वेटरची ओली दोरी पिळत होती.

"दर गुरुवारी दहाला असतं," आजी म्हणाली. काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि दारात उभं राहून आजीला एकाच तऱ्हेने बोलता यायचं. "वेळेवर यायचं."

भिंगरीने मान वर केली. रागाने नाही, हिशोब मागायला आल्यासारखीही नाही. एखादी खूप जुनी वस्तू जपून आणून समोर ठेवावी तशी ती म्हणाली, "मी वेळेवरच आले होते, आई."

नऊ घरं ऐकत होती. त्यातल्या कुणालाच कळलं नाही.

"हो," आजी म्हणाली. "चार मिनिटं आधी आली होतीस."